एक कोटीची वाट : दुसरे तुकोजीराव होळकर आणि माळव्याची रेल्वे

इंग्रजी अमलात संस्थानिकाने सावकाराकडून कर्ज काढावे आणि सरकारने त्यावरून त्याला धारेवर धरावे, हा नित्याचा प्रकार होता. १८७० साली इंदुरात नेमके याच्या उलट घडले. होळकर दरबाराने हिंदुस्थान सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. मुदत १०१ वर्षांची आणि व्याज दरसाल साडेचार टक्के. कर्जाचा उद्देश एकच होता. मुंबईहून जबलपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गापासून एक फाटा काढून तो इंदूरपर्यंत आणायचा. हा करार करणारे राजे म्हणजे दुसरे तुकोजीराव होळकर.

तुकोजीरावांचा जन्म १८३५ सालचा. होळकरांच्या मुख्य शाखेत वारस उरला नाही, तेव्हा माँसाहेब कृष्णाबाईंच्या पसंतीने १८४४ मध्ये बालवयातच ते गादीवर आले. त्यांच्या शिक्षणावर इंग्रज रेसिडेंट रॉबर्ट हॅमिल्टन यांची देखरेख होती. १८५२ मध्ये त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. हिशेब स्वतः तपासणारा, परगण्यापरगण्यांत स्वतः फिरणारा आणि पैशाच्या बाबतीत सावध असा राजा म्हणून ते ओळखले जात. त्यांच्या काळात संस्थानाचा महसूल पुष्कळ वाढला. त्याचा काही भार वाढत्या शेतसाऱ्याच्या रूपाने कुणब्याच्या शिरावर पडला, ही टीकाही तितकीच खरी आहे. जो कोटी रुपया पुढे रेल्वेला गेला, तो याच साठ्यातला होता.

त्यांच्या आयुष्यावर १८५७ ची सावली कायम राहिली. त्या वर्षी १ जुलै रोजी होळकरांच्याच फौजेतील शिपायांनी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला. कार्यवाहक रेसिडेंट ड्युरांड रेसिडेन्सी सोडून भोपाळ राज्यातील सिहोरकडे निघून गेले. तुकोजीरावांनी आश्रयाला आलेल्या युरोपीयांना संरक्षण दिले, तरी ड्युरांड यांच्या मनातला संशय गेला नाही. उठाव मोडल्यावर ग्वाल्हेरच्या शिंद्यांना आणि भोपाळच्या बेगमेला निष्ठेचे बक्षीस म्हणून मुलूख मिळाला. होळकरांना मुलूख मिळाला नाही. तेरा वर्षांनी त्याच सरकारशी व्यवहाराला बसताना तुकोजीरावांनी उपकाराची भाषा ठेवली नाही. त्यांनी मुदत ठरवली आणि व्याज ठरवले. दरसाल साडेचार लाख रुपये येणे असलेला धनको या नात्याने ते सरकारसमोर उभे राहिले.

रेल्वेची गरज समजण्यासाठी तेव्हाच्या माळव्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागतो. इंदूर होळकरांचे. तेथून दिवसाभराच्या वाटेवरचे उज्जैन शिंद्यांचे. धार पवारांचे आणि देवासही पवारांचेच, पण थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्यांत वाटलेले. वायव्येस रतलामचे राठोड आणि जावऱ्याचे नवाब. मधेच मंदसोर व नीमच पुन्हा शिंद्यांकडे. महू आणि नीमच येथे इंग्रजांच्या छावण्या. दक्षिणेस नर्मदेपलीकडचा खंडवा थेट इंग्रजी मुलखात, मध्य प्रांतात. बैलगाडीवर माल लादून व्यापारी निघाला की थोड्याथोड्या अंतरावर राज्य बदले. जिथे राज्य बदले तिथे जकातीचा नाका उभा असे. माळव्याची अफू आणि कापूस मुंबईला जायचा, पण मधल्या वाटेवर खर्च आणि खोळंबा ठरलेला होता.

त्यात निसर्गाचा अडसर. इंदूर माळव्याच्या पठारावर वसले आहे. दक्षिणेकडे हे पठार विंध्याच्या कड्याने एकदम खाली उतरते, खाली निमाडचा मुलूख लागतो आणि त्यातून नर्मदा वाहते. मुंबई–आग्रा रस्ता इंदूरवरून जात असला, तरी पावसाळ्यात नर्मदा ओलांडणे आणि घाट चढणे ही गाडीवानांची सत्त्वपरीक्षाच होती. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रूळ खंडव्यावरून पुढे गेले आणि १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई व कलकत्ता जोडले गेले. इंदूर मात्र त्या मार्गापासून सुमारे १३० किलोमीटर दूर, कड्याच्या माथ्यावर राहिले. ज्या गावाला रूळ लागत नाहीत त्याचा व्यापार रूळ असलेल्या गावाकडे सरकतो, हे तोवर देशात ठिकठिकाणी दिसू लागले होते. इंदुरात तुकोजीरावांनी १८६६ मध्ये दरबारी कापड गिरणीचा पाया घातला होता. तिची अवजड यंत्रसामग्री समुद्रापलीकडून येणार आणि तिचे कापड दूरच्या बाजारात जाणार, तर बैलगाडीवर किती काळ विसंबायचे, हा प्रश्न दरबारासमोर होता.

स्वतःच्या हद्दीत रूळ टाकणे फार कठीण नव्हते. वडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी १८६२ मध्येच डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची वाट तयार करवली होती, आणि तिच्यावरच्या गाड्या सुरुवातीला बैल ओढत. इंदूरचा प्रश्न वेगळा होता. इथे वाटेचा आरंभच परक्या मुलखात होता. खंडवा इंग्रजांचे आणि तिथले मुख्य स्थानक एका विलायती कंपनीचे. होळकरांनी कितीही रूळ टाकले, तरी त्यांचे दक्षिणेचे टोक दुसऱ्याच्या फलाटाला टेकल्याशिवाय त्यांचा उपयोग शून्य. म्हणून तुकोजीरावांनी स्वतः रेल्वे बांधण्याचा हट्ट धरला नाही. पैसा आपला आणि बांधकाम सरकारचे, असा मार्ग त्यांनी स्वीकारला. संस्थानातील जमीन मार्गासाठी विनामूल्य दिली.

यापूर्वीची एक घडामोडही इथे लक्षात घ्यायला हवी. १८६७ मध्ये होळकरांनी दक्षिणेतील आपला विखुरलेला मुलूख इंग्रजांना देऊन त्याच्या बदल्यात निमाडातील मंडलेश्वर, कसरावद, बडवाह हे परगणे घेतले. दूरच्या वतनाशी घराण्याचा जिव्हाळा असतो. तो बाजूला ठेवून राज्य सलग करण्याकडे त्यांचा कल दिसतो. रेल्वेने नर्मदा ओलांडली ती याच बडवाहजवळ. या अदलाबदलीमुळे उत्तर तीरावर पाऊल ठेवताच रूळ होळकरांच्या मुलखात येत होते.

१ डिसेंबर १८७४ रोजी खंडवा ते सनावद हा पहिला टप्पा वाहतुकीला खुला झाला. नर्मदेवरील पूल १८७६ मध्ये पुरा झाला आणि त्याचे उद्घाटन स्वतः तुकोजीरावांच्या हस्ते झाले. ओंकारेश्वरच्या यात्रेकरूंची वाट याने कायमची बदलली. त्यानंतरचे काम सर्वांत अवघड होते. कालाकुंडपासून पातालपाणीपर्यंतचा घाट चढताना मार्गाला चाळीस फुटांत एक फूट इतका उभा चढ द्यावा लागला. डोंगर फोडून बोगदे काढावे लागले आणि दऱ्यांवर पूल बांधावे लागले. १८७८ च्या सुमारास खंडव्याहून निघालेली गाडी थेट इंदुरात पोहोचू लागली. मार्गाला होळकर स्टेट रेल्वे हे नाव मिळाले.

कर्जाचे नाव होळकरांचे असले, तरी निर्णय सरकारचे होते. त्यातला एक निर्णय पुढे फार महागात पडला. लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत सरकारने खर्च वाचवण्यासाठी नव्या सरकारी मार्गांना मीटर गेज, म्हणजे एक मीटर रुंदीचे रूळ, असा नियम केला. मुंबईचा मुख्य मार्ग मात्र साडेपाच फुटी रुळांचा होता. परिणामी खंडव्याच्या फलाटावर प्रत्येक गासडी, प्रत्येक पेटी आणि प्रत्येक पोते एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावे लागे. इंदूर आणि मुंबई यांच्यामध्ये पूर्वी राजांच्या हद्दी होत्या, आता रुळांच्या रुंदीची हद्द आली. शिवाय संस्थानातील रेल्वेच्या जमिनीवरील न्यायाधिकार इंग्रजांकडे गेला. आपल्याच राज्यातून जाणाऱ्या त्या अरुंद पट्टीवर राजाचा कायदा चालेना. तुकोजीरावांनी व्याज मिळवले, इंदूर जोडले, पण त्या वाटेवरची सत्ता गमावली.

तरीही या व्यवहाराचा परिणाम होळकरांच्या हद्दीपुरता राहिला नाही. शिंदे आणि होळकर यांचे वैर सर्वश्रुत आहे. १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांची फौज मोडली आणि त्याच वर्षी शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले. त्यानंतर पाऊणशे वर्षांच्या आत, इंदूरहून उत्तरेकडे नीमचपर्यंत मार्ग नेण्यासाठी ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांनी ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले. आग्रा ते ग्वाल्हेर या मार्गासाठीही त्यांनी अशीच मोठी रक्कम दिली. दोन्ही घराण्यांत एकाएकी स्नेह जडला, असे मानण्याचे कारण नाही. दोघांचाही करार इंग्रज सरकारशी होता, एकमेकांशी नव्हता. पण होळकरांचे रूळ इंदुरात थांबले असते तर शिंद्यांच्या उज्जैन, मंदसोर, नीमचचा माल कोंडला असता. आणि शिंद्यांचे रूळ पुढे झाले नसते तर इंदूर हे वाटेवरचे शहर न होता वाटेचे शेवटचे टोक राहिले असते. प्रत्येकाला दुसऱ्याच्या मुलखातली वाट हवी होती.

इंदूरहून फतेहाबाद, तेथून उज्जैनला फाटा आणि सरळ पुढे रतलाम, जावरा, मंदसोर, नीमच व अखेर अजमेर अशी ही साखळी पुरी झाली. रतलामचे राजे आणि जावऱ्याचे नवाब यांच्या राज्यांतूनही तेच रूळ गेले. १८८० च्या दशकाच्या आरंभी होळकर आणि शिंदे–नीमच हे दोन्ही मार्ग राजपुताना–माळवा रेल्वेत एकत्र आले आणि १८८५ पासून त्यांची व्यवस्था बी.बी.सी.आय. कंपनीकडे गेली. पुढे स्वातंत्र्यानंतर खंडव्याहून दक्षिणेकडे अकोला, हिंगोलीमार्गे मीटर गेजचा दुवा जुळला आणि अजमेरची गाडी इंदूरवरून हैदराबादपर्यंत जाऊ लागली. खंडव्याला माल उतरवायला लावणारे तेच अरुंद रूळ उत्तर–दक्षिण प्रवासाची कित्येक वर्षांची सोय ठरले. माळव्यातील, वऱ्हाडातील आणि निजामाच्या जुन्या मुलखातील मराठी कुटुंबांचे जाणे-येणे, सोयरिकी आणि नोकऱ्या या वाटेने सोप्या केल्या.

१७ जून १८८६ रोजी तुकोजीरावांचे निधन झाले. त्यानंतर तीनच दिवसांनी, २० जून रोजी, जयाजीराव शिंदेही गेले. दोघेही पोरवयात गादीवर आले होते, दोघांनी चार दशके राज्य केले आणि दोघांचा पैसा एकाच लोहमार्गात गुंतला होता. २८ मे १९४८ रोजी दोन्ही संस्थाने मध्य भारत या एकाच राज्यात सामील झाली. करारातील १०१ वर्षे भरण्यापूर्वीच कर्ज देणारे राज्य आणि घेणारे सरकार, दोन्ही इतिहासजमा झाले होते.

आज त्या घाटातून रुंद रूळ नेण्याचे काम चालले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेला ३०९ किलोमीटरचा इंदूर–मनमाड मार्ग मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र अशा दोन राज्यांतून जाणार आहे. जकातीचे नाके राहिले नाहीत, तरी भूसंपादन, वनजमीन, खर्चाचा वाटा आणि कोणत्या गावाला स्थानक द्यायचे हे प्रश्न दोन्ही बाजूंना आहेत. तुकोजीरावांच्या कारकिर्दीकडे पाहताना दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या वाटतात. आपल्या गावाची वाट दुसऱ्याच्या हद्दीत सुरू होते हे त्यांनी मान्य केले आणि त्या पलीकडच्या भागासाठीही स्वतःचा पैसा दिला. पण वाटेची रुंदी ठरवणाऱ्यांत त्यांना जागा मिळाली नाही, आणि त्याची किंमत खंडव्याच्या फलाटावर गासड्या वाहणाऱ्या हमालांनी व त्यांची हमाली भरणाऱ्या व्यापाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चुकवली.