शास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांचे डोळे

जॉन डाल्टन हे थोर शास्त्रज्ञ होऊन गेले. सगळ्या वस्तू बारीक बारीक अणूंच्या बनलेल्या आहेत, हे त्यांनी वजने-मापे करून मांडले. मोठ्या वर्गातल्या ताई-दादांना ते माहीत आहे. पण मी आज त्यांच्या अणूंची गोष्ट सांगणार नाही, त्यांच्या डोळ्यांची सांगणार आहे. का ते शेवटी सांगतो.

डाल्टन यांचा जन्म सप्टेंबर १७६६ मध्ये इंग्लंडमधील ईगल्सफील्ड या खेड्यात झाला. त्यांचे वडील विणकर होते. घरची परिस्थिती गरिबीची होती. डाल्टन अभ्यासात इतके हुशार की १२ व्या वर्षीच ते गावातल्या शाळेत मुलांना शिकवू लागले. म्हणजे आपल्या सातवीतल्या दादाएवढे गुरुजी! शिकवता शिकवता ते स्वतःही शिकत गेले. १७८७ पासून त्यांनी हवामानाची वही ठेवली. आज पाऊस किती, वारा कसा, थंडी किती, हे ते रोज लिहीत. ही वही त्यांनी ५७ वर्षे सोडली नाही. १७९३ साली ते मँचेस्टर शहरात शिकवायला गेले.

आता डोळ्यांची गोष्ट. १७९२ साली डाल्टन यांनी जिरेनियमचे एक फूल पाहिले. ते होते गुलाबी. पण त्यांना ते दिवसा आकाशासारखे निळे दिसले आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात लाल दिसले. त्यांनी मित्रांना विचारले. मित्रांना काही फूल रंग बदलताना दिसेना. फक्त त्यांच्या भावाला ते तसेच दिसले. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आपण दोघे भाऊ रंग वेगळे पाहतो. लाखेची लाल कांडी आणि झाडाचे हिरवे पान त्यांना जवळजवळ एकाच रंगाचे वाटे.

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. डाल्टन गप्प बसले नाहीत. १७९४ साली त्यांनी मँचेस्टरच्या विद्वान मंडळींच्या सभेत यावर निबंध वाचला. आपल्याला रंग नीट ओळखता येत नाहीत, हे सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हा ते २८ वर्षांचे होते.

असं का होतं, याचाही त्यांनी विचार केला. तो समजायला डोळा आतून कसा असतो ते पाहू. डोळ्याचा गोळा साधारण २४ मिलिमीटरचा असतो. सगळ्यात पुढे स्वच्छ काचेसारखे पारपटल असते. त्याच्यामागे बुबुळ आणि बुबुळाच्या मधोमध काळी बाहुली. बाहुली म्हणजे एक भोक असते, त्यातून उजेड आत जातो. उन्हात ती बारीक होते, अंधारात मोठी होते. तिच्यामागे भिंग असते. भिंगाच्या मागे अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा स्वच्छ, चिकट रस भरलेला असतो. आणि सगळ्यात मागे दृष्टिपटल नावाचा पडदा असतो. त्यावर चित्र पडते आणि मज्जातंतूतून त्याची खबर मेंदूला जाते.

डाल्टन यांना वाटले, आपल्या डोळ्यातला रस निळा असणार. तो लाल उजेड अडवत असणार. माझ्या मित्राने निळा जिलेटिन कागद डोळ्यासमोर धरून मिरची पाहिली, तर त्याला लाल मिरची काळपट दिसली. डाल्टन यांना तसेच काहीतरी वाटले होते. पण जिवंतपणी डोळा कापून कसा बघणार? म्हणून त्यांनी सांगून ठेवले की मी मेल्यावर माझे डोळे काढा आणि तपासा.

२७ जुलै १८४४ रोजी डाल्टन वारले. आदल्या दिवशीसुद्धा त्यांनी वहीत हवामान लिहिले होते. त्यांचे डॉक्टर रॅन्सम यांनी ठरल्याप्रमाणे डोळे काढले. एका डोळ्यातला रस काचेच्या बशीत ओतून पाहिला. तो निळा नव्हताच! पाण्यासारखा स्वच्छ होता. दुसऱ्या डोळ्याचा मागचा तुकडा कापून त्यातून लाल आणि हिरव्या वस्तू पाहिल्या. त्याही जशाच्या तशा दिसल्या. म्हणजे डाल्टन यांचा अंदाज चुकला होता.

पण डोळे टाकून दिले नाहीत. ते मँचेस्टरमध्ये जपून ठेवले. दीडशे वर्षांनी, १९९५ साली, शास्त्रज्ञांनी त्यातला बारीकसा तुकडा घेऊन तपासला. तेव्हा खरे कारण कळले. दृष्टिपटलावर शंकूसारख्या पेशी असतात, त्या रंग ओळखतात. त्या तीन तऱ्हेच्या असतात. डाल्टन यांच्या डोळ्यात हिरवा उजेड ओळखणाऱ्या पेशींची तऱ्हाच नव्हती. हे जन्मापासूनच असते. ते आईबापाकडून येते, आणि मुलींपेक्षा मुलांत जास्त आढळते. डोळ्यांना दुसरे काही होत नाही. लिहिता-वाचता येते, लांबचे दिसते. कित्येक भाषांत या दोषाला डाल्टन यांचेच नाव दिले आहे.

आता शेवटचे सांगतो. आमच्या शाळेत डोळे तपासायला डॉक्टर आले होते. त्यांनी ठिपक्याठिपक्यांची गोल चित्रे दाखवली. सगळ्या मुलांना त्यात आकडा दिसला. मला नुसते ठिपकेच दिसले. तेव्हा मला कळलं की आई लाल मिरच्या तोडायला सांगते, तेव्हा माझ्या टोपलीत हिरव्या कशा येतात. माझ्या मामालाही तसंच आहे. मी खडूच्या कागदावरचे नाव वाचून रंग भरतो. कागद फाटला की पंचाईत. मागे मी झाडाची पाने तपकिरी रंगवली, तेव्हा सगळे हसले. मी कोणाला काही सांगितले नाही.

मग गुरुजींनी मला डाल्टन यांची गोष्ट सांगितली. त्यांचा अंदाज चुकला, तरी त्यांनी खरे शोधायचे सोडले नाही. मेल्यावरही डोळे देऊन ठेवले, म्हणून आज आपल्याला खरे कळले. त्यांनी एवढ्या मोठ्या सभेत सांगितले, तर मी आपल्या भित्तिपत्रकात का सांगू नये?

म्हणून मी लिहिले आहे. यापुढे मी खडू दाखवून रंग विचारला, तर हसू नका. नुसता रंग सांगा.

— इयत्ता चौथी