राजर्षी शाहू महाराज : आधी वसतिगृह, मग सक्ती

कोल्हापूरच्या दसरा चौकातून जाणाऱ्याच्या दृष्टीस मुस्लिम बोर्डिंग पडतेच. ज्या राजाच्या तळमळीतून ही संस्था उभी राहिली, त्या राजर्षी शाहू महाराजांची समाजसुधारक म्हणून ओळख सर्वांना आहे. परंतु शाळेत आलेले मूल शाळेत टिकावे म्हणून त्यांनी काय केले, हे पालकांनी व विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहण्यासारखे आहे.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. तिसऱ्या वर्षी आई गेली. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि दोन वर्षांनी वडीलही वारले. राजघराण्यातले असल्यामुळे राजकोट व धारवाड येथे त्यांच्या शिक्षणाची उत्तम व्यवस्था झाली. रयतेतल्या पोरक्या मुलाच्या वाट्याला मात्र असे शिक्षक कोठून येणार? २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला.

खेड्यातला मुलगा गावची मराठी शाळा संपवून पुढे शिकू लागला, की त्याला शहर गाठावे लागे. तेथे राहायचे कोठे आणि जेवायचे काय, या दोन प्रश्नांपाशीच बहुतेकांची पाटी फुटे. मुलगा हुशार आहे की मठ्ठ, हे पाहण्याची वेळच येत नसे. महाराजांनी नेमके येथे बोट ठेवले. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. मुस्लिम विद्यार्थ्यांची वेगळी सोय नव्हती, तेव्हा काही मुलांना महाराजांनी याच बोर्डिंगात ठेवून घेतले. पुढे १९०६ साली मुस्लिम समाजाची स्वतंत्र शिक्षण संस्था स्थापन झाली. तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः स्वीकारले आणि बोर्डिंगला दरबारातून साहाय्य दिले. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. एकेका समाजाला हाताशी धरून त्यांनी कोल्हापूर हे वसतिगृहांचे शहर करून सोडले.

ही सोय झाल्यावर मग त्यांनी सक्तीला हात घातला. नामदार गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक पुढच्याच वर्षी फेटाळले गेले होते. देशी संस्थानांत बडोद्याने मात्र १९०६ पासून सर्व राज्यात सक्ती चालविली होती. महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. शाळेच्या वयाची मुले घरात असून जो पालक त्यांना पाठवणार नाही, त्याला महिना एक रुपया दंड ठरला. आज एक रुपया ऐकून हसू येईल; पण मजुराची रोजी तेव्हा आण्यांत मोजली जात होती! गुरे राखणारा पोरगा घरात बसवून जी बचत होई, ती दंडात जाऊ लागली, तेव्हा बापाला हिशेब पुन्हा मांडावा लागला. दंड करणे कठोर वाटते खरे. परंतु हा दंड करणाऱ्या राजाने शाळेची फी आधी माफ केली होती, हे विसरून चालणार नाही.

शाळेच्या दाराबाहेर बसवलेले मूल फार दिवस येत नाही, हेही त्यांनी ओळखले. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत, सर्वांबरोबर बसविण्याचा हुकूम त्यांनी काढला. विरोध झाला, तरी तो मागे घेतला नाही.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस.

सर्व देशाला लागू असा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा हक्क त्याने मान्य केला. पालकाला दंड मात्र ठेवला नाही. चौदा वर्षे म्हणजे साधारण आठवी. आपल्या वस्तीतली मुले गॅरेजवर किंवा दुकानावर लागतात ती बहुधा नववी-दहावीत, आणि मुलींची शाळा सुटते तीही त्याच सुमारास. त्या वयाच्या मुलाला कोणतीही सक्ती लागू नाही. तेथे उपयोगी पडते ते १९०६ साली घातलेल्या पायासारखेच काहीतरी : राहायला खोली, दोन वेळचे जेवण, आणि मुलगा का आला नाही हे विचारायला घरी येणारा माणूस.