दीनानाथ मंगेशकर

मास्टर दीनानाथ मंगेशकर (जन्म : मंगेशी, गोवा, २९ डिसेंबर १९००, मृत्यू : पुणे, २४ एप्रिल १९४२) हे मराठी रंगभूमीवरील गायक-नट, संगीतकार आणि नाटक कंपनीचे चालक होते. रागसंगीताची शिस्त आणि भावनेचा आवेग यांचा मेळ घालून त्यांनी नाट्यसंगीतात स्वतंत्र शैली निर्माण केली. त्यांच्या आयुष्यातील महत्त्वाचा काळ सांगलीत गेला.

पूर्वायुष्य

दीनानाथांचे वडील गणेशभट अभिषेकी हे मंगेशी येथील देवस्थानात पुजारी होते. आई येसूबाई देवळात गायनसेवा करीत असत. मंगेशी गावावरून दीनानाथांनी मंगेशकर हे आडनाव घेतले. त्यांचे आरंभीचे संगीतशिक्षण बाबा माशेलकर यांच्याकडे झाले. पुढे त्यांनी रामकृष्णबुवा वझे यांचा गंडा बांधला. किशोरवयातच ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले.

बलवंत संगीत मंडळी

१९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह दीनानाथांनी बलवंत संगीत मंडळी स्थापन केली. राम गणेश गडकरी यांच्या ‘भावबंधन’मधील लतिकेची त्यांची भूमिका विशेष गाजली. वीर वामनराव जोशी यांचे ‘रणदुंदुभी’ (१९२७) आणि वि. दा. सावरकर यांचे ‘संन्यस्त खड्ग’ (१९३१) ही नाटकेही मंडळीने रंगभूमीवर आणली. सावरकर त्या वेळी रत्नागिरीत स्थानबद्ध होते. अशा काळात त्यांचे नाटक करणे धाडसाचे होते.

संगीतशैली

त्या काळी नाट्यसंगीतावर बालगंधर्वांच्या लडिवाळ, लालित्यपूर्ण गायकीचा मोठा प्रभाव होता. दीनानाथांनी तिचे अनुकरण केले नाही. पंजाबी टप्प्याच्या अंगाची चपळ फिरत, वेगवान ताना, स्वरांच्या अनपेक्षित झेपा आणि रागाच्या चौकटीत राहूनही श्रोत्याला चकित करणारी वळणे ही त्यांच्या गायनाची वैशिष्ट्ये होती. वीररसाच्या पदांना ही शैली विशेष मानवली. ‘मानापमान’ नाटकाला गोविंदराव टेंबे यांच्या चाली आधीच लोकप्रिय झाल्या होत्या. तरीही धैर्यधराची भूमिका करताना दीनानाथांनी काही पदे स्वतःच्या ढंगाने नव्याने बांधली. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांतून या गायकीची कल्पना येते.

सांगलीतील वास्तव्य

१८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग सांगलीत केला. तेव्हापासून नाट्यपरंपरा असलेल्या या शहरात दीनानाथ सहकुटुंब स्थायिक झाले. त्यांच्या कन्या आशा यांचा जन्म १९३३ मध्ये येथेच झाला. बोलपटांच्या आगमनानंतर संगीत नाटकांचा प्रेक्षक ओसरू लागला. तेव्हा दीनानाथ व कोल्हटकर चित्रपटनिर्मितीकडे वळले. बलवंत पिक्चर्सचा ‘कृष्णार्जुन युद्ध’ १९३४ मध्ये प्रदर्शित झाला. मात्र या व्यवसायात मोठे आर्थिक नुकसान झाले. नाटक मंडळीही सावरू शकली नाही. कुटुंबाला सांगली सोडावी लागली.

अखेर व वारसा

वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी दीनानाथांचे पुण्यात निधन झाले. थोरल्या कन्या लता तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. कुटुंबाच्या चरितार्थाचा भार त्यांनी उचलला. लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ ही पाचही अपत्ये संगीतक्षेत्रात नावारूपाला आली. दीनानाथांच्या गायकीचा ठसा वसंतराव देशपांडे यांच्या गायनावरही दिसतो. पणजीच्या कला अकादमीतील नाट्यगृहाला तसेच पुण्यातील एका रुग्णालयाला दीनानाथांचे नाव देण्यात आले आहे.