गणितातील रसिक गुरू : भास्कराचार्य

गणिताचा तास म्हटला की पुष्कळ विद्यार्थ्यांच्या छातीत धडकी भरते. गणित कठीण असते म्हणून नव्हे, तर उत्तर चुकेल म्हणून. या भीतीवर आठशे वर्षांपूर्वीच एका महाराष्ट्रीय गणितज्ञाने सुंदर उतारा देऊन ठेवला आहे. ते थोर पुरुष म्हणजे भास्कराचार्य होत.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ साली झाला. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जलविड हे त्यांचे गाव. वडील महेश्वर हे विद्वान ज्योतिषी होते आणि तेच पुत्राचे गुरू झाले. वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग. पुढे ११८३ साली, उतारवयात, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला.

लीलावती ही त्यांची कन्या होती व तिच्या सांत्वनासाठी हा ग्रंथ लिहिला गेला, अशी आख्यायिका आहे. तिचा निर्णय कसाही होवो; ग्रंथातील उदाहरणे कोठे बालिकेला, तर कोठे मित्राला उद्देशून घातली आहेत, हे खरे. आधी नियम, मग त्यावर उदाहरण, असा त्यांचा क्रम आहे. आणि ती उदाहरणे तरी किती रसाळ! एका भ्रमरसमूहाचा पंचमांश कदंबावर गेला, तृतीयांश शिलिंध्राच्या फुलावर गेला आणि त्या दोहोंच्या अंतराची तिप्पट कुड्याच्या फुलांवर गेली. एकच भुंगा केवडा व मालती यांच्या सुगंधाने भुलून आकाशात घिरट्या घालीत राहिला. तर सारे भुंगे किती?

येथे आचार्य ‘इष्टकर्म’ शिकवितात. मनाला येईल ती संख्या धरावी. समजा, आपण ३० धरली. पंचमांश ६, तृतीयांश १०. अंतर ४, त्याची तिप्पट १२. एकंदर २८ गेले, २ उरले. परंतु उरावयास हवा होता १. म्हणजे धरलेली संख्या दुप्पट झाली; खरे उत्तर १५. आरंभी ६० धरून पाहा. ४ उरतील, आणि उत्तर पुन्हा १५च येईल. चुकीची संख्यासुद्धा नेटाने तपासली तर बरोबर उत्तराच्या दाराशी आणून सोडते, हा केवढा दिलासा!

उत्तम उदाहरणाची लक्षणे येथेच दिसतात. चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, हवी ती माहिती सर्व असते, फाफटपसारा नसतो, आणि उत्तराचा ताळा विद्यार्थ्याला स्वतःच पाहता येतो.

आचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यादवनृपती जैत्रपालाच्या पदरी होते. नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी चाळीसगावाजवळील पाटण येथे मठ स्थापिला. तेथील शिलालेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. लीलावतीचे फार्सी भाषांतर फैजीने १५८७ साली केले, आणि इंग्रजी भाषांतर कोलब्रुकने १८१७ साली प्रसिद्ध केले. यादवांचे राज्य लयास गेले, मोगलांचेही गेले. ते भुंगे मात्र अजून उडतच आहेत.

विद्यार्थिमित्रहो, आता आचार्यांचे आणखी एक उदाहरण तुमच्यासाठी. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी बीळ आहे. सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे येत आहे. मोराने तिरकी झेप घेतली व दोघांनी सारखेच अंतर कापले असता गाठ पडली. बिळापासून किती हातांवर? कागदावर आकृती काढा, एखादी संख्या धरा, आणि चुकण्यास मुळीच भिऊ नका!