विश्लेषण : घराण्यात कुणालाच नसलेला हिमोफिलिया मुलाला कसा होतो? हॅल्डेन यांचे गणित काय सांगते?

साताऱ्यातील औंध असो वा मुंबई, मुलाला हिमोफिलिया असल्याचे निदान झाले की बोट बहुतेकदा आईकडे दाखवले जाते. प्रत्यक्षात सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात या आजाराचा मागमूस नसतो. हे कोडे गणिताने सोडवणारे जे. बी. एस. हॅल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले.

कोण होते हॅल्डेन?

त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डमध्ये झाला. शरीरक्रियाशास्त्रज्ञ असलेले वडील स्वतःच्या शरीरावर प्रयोग करत. मुलानेही तोच मार्ग धरला. विज्ञानाची पदवी नसतानाही ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आनुवंशिकीचे प्राध्यापक झाले.

१९३५ चे गणित काय होते?

हिमोफिलियाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रीकडे दोन एक्स असल्याने एक सदोष असला तरी दुसरा बहुधा सांभाळून घेतो. पुरुषाकडे एकच एक्स असतो. त्या काळी बहुतेक रुग्ण बाप होण्याआधीच दगावत. मग सदोष जनुके संपत का नाहीत? हॅल्डेन यांचे उत्तर होते : जितकी संपतात, तितकीच नव्याने तयार होतात. समाजातील एक तृतीयांश एक्स गुणसूत्रे पुरुषांकडे असतात, म्हणून साधारण तेवढेच रुग्ण नव्या बिघाडातून येतात. या बिघाडाचा वेग त्यांनी पिढीमागे सुमारे ५० हजारांत एक असा काढला. १९३७ मध्ये ज्युलिया बेल यांच्यासोबत त्यांनी हिमोफिलिया आणि रंगांधळेपणाची जनुके एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असल्याचे दाखवले. नवे बिघाड पुरुषांच्या जननपेशींत जास्त होतात, असा निष्कर्ष त्यांनी १९४७ मध्ये मांडला.

जनुकाची रचना कधी कळली?

रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर ८ च्या जनुकाची रचना १९८४ मध्ये उलगडली. सुमारे १ लाख ८६ हजार अक्षरांचे हे जनुक २६ तुकड्यांत विभागलेले आहे. तीव्र हिमोफिलिया 'ए'च्या जवळपास निम्म्या रुग्णांत त्याचा एक मोठा भाग उलटा फिरलेला असतो. ही उलथापालथ बहुतेक वेळा पुरुषाच्या शुक्रपेशी तयार होताना होते. म्हणजे आईला सदोष जनुक अनेकदा तिच्या वडिलांकडून आलेले असते, आणि त्यांना स्वतःला आजार नसतो.

भारतात काय केले?

१९५७ मध्ये हॅल्डेन कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले आणि १९६१ मध्ये भारतीय नागरिक झाले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरमध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देह वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.

आज काय महत्त्व?

आता साताऱ्यासह राज्यातील अनेक जिल्हा रुग्णालयांत फॅक्टरची इंजेक्शने मिळतात. जनुकीय चाचणीने आई वाहक आहे का, हेही कळते. ही चाचणी पुढच्या गरोदरपणाच्या नियोजनासाठी असते, दोष कुणाचा हे ठरवण्यासाठी नव्हे.