कावसजींचा आरसा

यंदाच्या देखाव्यासाठी अंतराळ दुर्बिणीचा आरसा रंगवताना आम्हा आदिलाबादकरांना पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) आठवले. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून त्यांनी सायन्स कॉलेजात वेधशाळा उभारली. २० इंची आरशाची तिची दुर्बीण भारतात तेव्हा सर्वांत मोठी. आरसा म्हणजे हट्टी पाहुणा! दिवसा तापलेली काच हवेइतकी निवेपर्यंत तारा थरथरतच दिसतो. दुर्बीण कलली की जड काच स्वतःच्या भाराने किंचित वाकते. अंतराळात भार उरत नाही, पण ऊन-थंडीचा जाच तिथेही आहेच. १८९८चे खग्रास सूर्यग्रहण कावसजींनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरहून वेधले. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्याने ती जाऊ दिली, हे आम्हाला अजून बोचते.