गानहिरा हिराबाई

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या भजनवर्गाला नाव घालावयाचे होते, तेव्हा मी बराच वेळ नुसती पेन धरून बसले होते. नातवंडे झाली, आता कसले सारेगम! मग हिराबाई बडोदेकर आठवल्या आणि नाव लिहून टाकले. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत भगिनींसाठी त्यांच्याविषयीच चार शब्द.

हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरजेस झाला. वडील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. पुढे आई मुलांना घेऊन वेगळी झाली. थोरले बंधू सुरेशबाबू आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे हिराबाईंना तालीम मिळाली. १९२१ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, मुंबईस गंधर्व महाविद्यालयाच्या परिषदेत त्या गायल्या. बाईने चारचौघांत गाणे म्हणजे नावे ठेवण्याचा विषय, असा तो काळ. हिराबाई अंगभर पदर घेऊन, हावभाव न करता, शांतपणे बसून गात आणि तेही तिकीट लावून. त्यामुळे घरंदाज बायकाही उजळ माथ्याने समोर येऊन बसू लागल्या. माझी आई एकदा अशीच गेली होती. तिकिटाचे पैसे तिने डाळीच्या डब्यात साठवले होते, हे मला फार उशिरा कळले.

एवढे नाव झाल्यावर कोणी स्वस्थ बसले असते. हिराबाई नाटकात शिरल्या. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांनी सारा महाराष्ट्र वेडा झालेला असताना १९२९ च्या सुमारास या भावंडांनी स्वतःची नाटक मंडळी उभी केली आणि ‘सौभद्रा’त हिराबाई स्वतः सुभद्रा झाल्या. स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करावयाची, हे तेव्हा धाडसच होते. पण बोलपट आले, मंडळी बुडाली, डोक्यावर कर्ज राहिले. मैफली करून त्यांनी ते फेडले. ‘प्रतिभा’सारख्या चित्रपटांतही त्या दिसल्या, परंतु तेथे त्यांचा जीव रमला असेल असे मला वाटत नाही. भावगीतांच्या ध्वनिमुद्रिका मात्र घरोघरी वाजल्या. ख्याल गाणारीने भावगीत म्हणावे का, असा प्रश्न तेव्हा जाणकारांना पडे. आमच्या आळीत तो कोणाला पडला नाही.

उतारवयात त्यांनी आणखी एक नवे केले. धाकट्या भगिनी सरस्वतीबाई राणे यांच्यासह ख्यालाची जुगलबंदी! दोन बायकांनी मिळून असे गाणे तोवर फारसे कोणी ऐकलेच नव्हते. १९७० मध्ये पद्मभूषण मिळाले, १९८९ मध्ये त्या गेल्या.

आकाशवाणीवर दोघी बहिणी लागल्या की आई हातातले काम ठेवून बसे. कोणता सूर हिराबाईंचा, कोणता सरस्वतीबाईंचा, अशी आमची पैज लागे. बहुतेक वेळा आईच जिंकायची.